बारसं न झालेली बटणं

शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाताईंना दिसत नाही. संगणक पडद्यावरचं वाचून दाखवतो, ते हेडफोनवर ऐकून त्या काम करतात. आज ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. त्यातल्या बटणांवर नुसती चित्रं; त्यांना नावं कुणी दिलीच नाहीत. म्हणून ताई पडद्यावर कुठेही गेल्या तरी कानात एकच शब्द, "बटण." साठवायचं कुठलं, पुसायचं कुठलं, कळायला मार्ग नाही.

"बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना," त्या म्हणाल्या, "इथं कुणाचंच बारसं झालेलं नाही हो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

कधी कुणाला काही न विचारणाऱ्या ताई दिवसभर मला विचारत राहिल्या, "हे कुठलं?" संध्याकाळी विचारणंही थांबलं. नावंच नसलेल्या जगात माणसानं बोट ठेवायचं तरी कुठं? हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. बोट मात्र कीबोर्डवरची कळ दाबतच होतं, आणि हेडफोनमधून बारीक आवाज येत होता, "बटण. बटण."