बियाणाच्या जागेवरची हवा

"वहिनी, जसं व्हतं बराबर तसंच पायजे. एक स्क्रू बी इकडचा तिकडं न्हाई," किसनराव म्हणाले आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेटखाली एसीचा कॉम्प्रेसर जाम होऊन बसला होता. हातानं फिरवून पाहिला. ढिम्म.

किसनराव आमच्या ह्यांचे जुने दोस्त. आयुष्यभर बियाणाच्या धंद्यात. त्यांच्या ॲम्बॅसेडरला रंग, सीट, इंजिन सगळं नव्यानं झालं होतं. एसी तेवढा राहिला होता, म्हणून गाडी एमआयडीसी रोडवरच्या आमच्या गॅरेजात आली. मी आणि सून रेखा, आम्ही दोघी फक्त गाड्यांचे एसी करतो.

"एवढा खर्चा कशापायी?" मी विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "गयासाठी. रामनवमीला जांबला, रामाच्या दर्शनाला जायचंय. ती म्हन्ती, एसटीनं जाईन, पन तुमच्या गाडीत पाय ठेवनार न्हाई. कवाचीच रुसली गाडीवर. नवी दिसली तर बसंल."

म्हणजे काम एसीचं नव्हतं. रुसलेल्या बायकोला, गयाबाईंना, गाडीत बसवायचं होतं.

एसीत गॅस गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला ढकलतो, पुढची जाळी त्याची उष्णता बाहेर टाकते आणि डॅशबोर्डखालची कॉइल गार होते. त्या कॉइलवरून पंखा हवा मारतो. जुना कॉम्प्रेसर आता मिळत नाही. नवा निम्म्या अंगाचा. जुन्या ब्रॅकेटवर तो म्हणजे बापाच्या सदऱ्यात पोरगं. नवी ब्रॅकेट करून आणली, दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून पाहिलं. बेल्ट किंचाळला नाही.

मग पाइपवरून भांडण. जुना गॅस आता बंद झाला. नवा गॅस लबाड, जुन्या रबरातून हळूच सटकतो.

"पाइप तेच राहू द्या वहिनी, ओरिजिनल हायेत."

"ठेवते. तुमीच बघा मंग."

व्हॅक्यूम लावला, म्हणजे आतली हवा ओढून काढली आणि मशिन बंद केलं. काटा जागेवर राहिला तर काम पक्कं. आमचा काटा निवांत मागं यायला लागला, म्हणजे पाइपातून हवा आत शिरत होती. किसनराव टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "बदला."

पाइपांबरोबर जुनी कॉइलही बदलायची ठरली. ती काढायला गाडीतला गालिचा उचलला आणि रेखा हसत सुटली. "आई, हे काय?"

खाली पत्र्याचा डबा. कॉइलची सगळी हवा त्यात जायची आणि दोन नळ्यांतून सीटखालून मागं निघायची. डब्यावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव. अक्षरं अशी, की बाई सरपंचपदाला उभी आहे.

हे माझंच काम. तेव्हा मी नवी नवरी. औरंगाबादहून थोडंसं शिकून आल्ते, पदर खोचून हातात पाना घेतला की स्वतःला इंजिनियर समजायची. किसनरावांना मूळ बियाणाच्या पिशव्या उन्हातून गार न्यायच्या होत्या. पुढं हवा नको, सगळी मागच्या सीटवर. मी पिशव्यांची उंची मापली, रुंदी मापली, वर थर्मामीटरही खोचला. पुढं कोण बसणार, हे काही विदुषीनं विचारलं नाही.

तेवढ्यात गयाबाई आल्या. जेवायची वेळ टळून गेली म्हणून किसनरावांना न्यायला रिक्षा करून आल्या होत्या. डबा दिसला आणि दारातच थबकल्या.

"हाच! ह्याच डब्यानं माझा जीव खाल्ला."

"डब्यानं?" किसनराव गोंधळले.

"मंग? मागं तुमच्या पिशव्या गारगार, महारानीवानी. पुढं मी. पायाखालून इंजिनची धग. काच जराशी उघडली की तुमी वरडायचे, 'काच लाव, बियाणाची हवा जाऊन राह्यली!' बियाणं मेलं न्हाई, पन मी मेलते."

"मला ठाऊकच न्हाई गं."

"बियाणाला किती गार पायजे ते बराबर ठाऊक व्हतं."

रेखानं सुचवलं, डबा काढून हवा पुढं वळवू. संध्याकाळपर्यंत होईल.

किसनरावांनी डब्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. "पन ओरिजिनल..." एवढंच तोंडातून निघालं.

"बघितलं?" गयाबाई रिक्षाकडं वळल्या. "मी जाते एसटीनं."

मी त्यांचा हात धरला. "डब्याला हात लावायचा न्हाई. जसं व्हतं तसंच राहील. तुमी मागं बसा. बियाणाच्या जागेवर."

त्यांनी वाकून मागची सीट बघितली. मग तोंडाला पदर लावून हसल्या.

नवी कॉइल डब्यात बसवली, गॅस भरला आणि ट्रायलला गाडी अंबड रोडला काढली. स्टिअरिंगवर किसनराव. शेजारी, गयाबाईंच्या जुन्या जागेवर, थर्मामीटर घेऊन मी. मागं गयाबाई एकट्या, चप्पल काढून, मांडी घालून.

जरा वेळानं माझ्या पायाला धग लागायला लागली. पाठ भिजली. थर्मामीटर मागं धरला तर हिवाळा, पुढं आणला तर वैशाख. माझी कारागिरी एक नंबर चालली होती. बावीस वर्षांच्या त्या इंजिनियरणीला ह्या सीटवर बसवून बीडपर्यंत न्यायला पाहिजे होतं.

किसनरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी हळूच काच खाली केली.

मागून आवाज आला, "काच लावा! हवा जाऊन राह्यली!"

त्यांनी गुमान काच लावली. घाम पुसला आणि आरशात मागं बघून असं हसले, की समोरचा टेम्पो मलाच दाखवावा लागला.

रामनवमीला दोघं त्याच गाडीनं जांबला जाऊन आले. गयाबाईंनी मला प्रसाद दिला आणि हळूच सांगितलं, "येताना बाईऽ थंडी वाजली. शाल घेतली, पन ह्यांना एसी कमी करू दिला न्हाई."

पार्ट कुठं बसवायचा हे मॅन्युअलमध्ये असतं. माणूस कुठं बसणार, ते तोंडानं विचारावं लागतं.