उजेड सोडायचा असतो

पेन्सिल तासताना पडणारा भुसा कुणी मुद्दाम गोळा करत नाही, तरी डबा भरतोच. आमच्या रविवारच्या मंडळाच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. चित्रं मोजकी झाली, किस्से मात्र पोत्यानं!

मंडळ म्हणजे आम्ही चौघंच. सीमाभागातल्या भालकीत मल्लिनाथ अप्पांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, तिथे जमतो. नागेश बी-बियाणं विकतो, शकुंतला अक्का सरकारी कचेरीत क्लार्क आहे आणि मी खटकचिंचोळीच्या शाळेत गणित शिकवतो. चित्रकला कुणीच रीतसर शिकलेलं नाही. आमचा गुरू म्हणजे मोबाईल.

आम्ही तिघं हौसेचे. अक्काचं मात्र काम ठरलेलं होतं, तिला तिच्या आईचं चित्र काढायचं होतं. आई जनवाड्याला असते, वय झालंय. तिचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, आणि त्यात डोळे मिटलेले. नवा फोटो काढू देत नाही आणि चित्राचं तर नाव काढायचं नाही. कारण आमच्याकडे भिंतीवर मोठा चेहरा लागतो तो गेलेल्या माणसाचा. "मला आत्तापासूनच भिताडाला टांगायलीस का?" असं तिनं अक्काला विचारलं होतं. तरी अक्का शिकत राहिली. आई कधीतरी हो म्हणेल आणि नेमका तेव्हा आपला हात तयार नसेल, ही तिला धास्ती.

* * *

अप्पांना शेडिंगचा एक व्हिडिओ फार आवडला. शिकवणारा तेलुगूत बोलत होता. अप्पांना कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही येतात, तेलुगू तेवढी येत नाही. म्हणून त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते हात बघून शिकले. आधी गडद रेघ ओढायची, मग बोटानं चोळायची, मग वरून पुन्हा रेघा. महिनाभर हेच चाललं होतं. आम्हीही त्यांचं बघून तसंच करायला लागलो.

एकदा औरादकडचं एक गिऱ्हाईक आलं, त्याला तेलुगू यायची. त्यानं आवाज मोठा करून व्हिडिओ पूर्ण ऐकला.

"अप्पा, ह्यो सांगायलाय की असं कधीच करू नका म्हणून."

अप्पांनी आपली चित्रं एकवार बघितली. "मग चुकूनच बरं यायलंय की!"

* * *

शेडिंगचा पहिला नियम उजेडाचा. जिथे उजेड सगळ्यात जास्त पडतो तिथे पेन्सिल टेकवायचीच नाही, कागद कोरा सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हात राहत नाही. अक्काला हे लवकर साधलं. नागेशला काही केल्या जमेना, कोरी जागा दिसली की तो भरून टाकायचा. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, त्याला पडीक जागा बघवत नाही.

सरावाला त्यानं वांगं आणलं होतं. चकाकी कमी पडते म्हणून त्याला तेल चोळलं. पेन्सिलीनं रेखाटून वांगं घरी नेलं, राहिलेलं तिथे करीन म्हणाला. सकाळी बघतो तर टेबलावर वांगं नाही. बायकोला विचारलं.

ती म्हणाली, "तेल तुमीच लावून ठिवलं होतं, मी मसाला तेवढा भरला."

* * *

गिऱ्हाइकांना शेडिंग पटवणं हे शेडिंग करण्यापेक्षा अवघड आहे. एकानं वारलेल्या वडिलांचा फोटो दिला आणि अप्पांनी त्यावरून पेन्सिलीचं मोठं चित्र केलं. नाक, डोळे, मिशा, सगळं हुबेहूब. मुलगा खूश झाला, पण पाकीट काही काढेना.

एक गाल काळा कामून केला, एवढंच त्याचं म्हणणं. अप्पांनी सावकाश समजावलं की उजेड डावीकडून यायलाय, म्हणून उजवीकडे सावली पडते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग उजवीकडं बी एक बल्ब लावा की अप्पा."

* * *

काळी पूड लागते ती अक्का घरी तयार करते. पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासायचं आणि पूड कापसानं कागदावर पसरायची. ठेवायला तिनं कुंकवाची जुनी प्लॅस्टिकची डबी घेतली.

एका रविवारी डबी काउंटरवर उघडी होती. भिंतीवर चहूकडे देव आणि गेलेली माणसं. गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक म्हातारे फ्रेम न्यायला आले. त्यांनी देवांना हात जोडले, बुक्का समजून डबीत बोट घातलं आणि कपाळाला लावलं. आम्ही सांगेपर्यंत ते नागेशलाही लावून मोकळे झाले! शिसं लवकर निघत नाही. नागेश दोन दिवस तसाच दुकानात बसला आणि आलेलं गिऱ्हाईक आधी पाया पडायचं, मग बियाणं मागायचं.

* * *

आता माझा किस्सा. अक्काला जिवंत माणसावर हात बसवायचा होता. फोटो हलत नाही, माणूस हलतो. मी खुर्चीवर बसलो आणि तिनं माझं चित्र काढलं. खरंच सुरेख आलं, मला फार आनंद झाला. अप्पांनी कौतुकानं फ्रेम करून दुकानात दर्शनी लावलं. सवयीनं वर प्लॅस्टिकचा हारही घातला. त्यांच्याकडे प्रत्येक मोठ्या फ्रेमला हार मिळतोच.

बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या कुणीतरी ते चित्र हारासकट बघितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, मी घरीच होतो. दारात दोन पालक उभे, चेहरे पडलेले, हातात केळी. दार मीच उघडलं.

ते आत आले, बसले, चहा प्यायले. जाताना एकानं माझ्या मनगटाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "पोराला गनितात जरा बगा, सर."

अक्कानं ही हकीकत जनवाड्याला आईला सांगितली. म्हातारी पोट धरून हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मास्तर हारात जाऊन बी च्या प्यायलाय. मग मला काय व्हतंय? काढ."

* * *

 पुढे एका रविवारी अक्कानं आईचं चित्र फ्रेमला आणलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. आईच ती, सुरकुती न् सुरकुती बोलत होती. फक्त कपाळाच्या मधोमध एक काळा ठिपका होता, बोटाच्या टोकाएवढा. अप्पांनी सवयीनं खोडरबर उचललं. अक्कानं त्यांचा हात धरला आणि घरी काय घडलं ते सांगितलं.

अक्का चौथीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून आईच्या कपाळावर काही नाही. चित्रात अक्कानं ते कपाळ कोरं सोडलं होतं, खिडकीचा उजेड नेमका तिथे पडत होता. इतका चांगला उजेड आपल्याला कधी साधला नव्हता, असं तीच म्हणाली. संध्याकाळी चित्र पुरं झालं तेव्हा तिनं ते आईच्या मांडीवर ठेवलं.

आईनं ते बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "समदं काढलीस. कपाळ मोकळं कामून सोडलीस?"

अक्कानं उजेडाचा नियम सांगितला. आईनं ऐकलं, मान हलवली. शेजारी अक्काची ती काळ्या पुडीची, कुंकवाची जुनी डबी होती. तिनं झाकण काढलं, करंगळीजवळचं बोट पुडीत बुडवलं आणि चित्रातल्या कपाळावर नीट मधोमध टेकवलं.

बोटावर थोडी पूड राहिली होती. तुळशीला कुंकू लावल्यावर बायका राहिलेलं बोट स्वतःच्या कपाळाला लावतात, तसं तिनं ते लावलं.

मग डबी बंद करून अक्काकडे सरकवली आणि म्हणाली, "ऊठ, च्या ठीव."