शेवटचा डबा

नेकनूरला आमची पिठाची गिरणी आहे. आम्ही लिंगायत. काम हीच पूजा, जातपात मानायची नाही, हे ऐकतच मोठे झालो. माझे सासरे रोज संध्याकाळी मोठ्यानं वचनं वाचतात. गिरणी चालू असली तर आवाज आणखी चढवतात.

मध्यंतरी जवळच्या एका गावानं तिथल्या बौद्ध वस्तीवर बहिष्कार टाकला. जयंतीच्या कमानीवरून वाद झाला होता. वस्तीला किराणा बंद, गिरणी बंद. तिथली एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन एसटीनं आमच्याकडे आली. मी तिचा डबा रांगेत लावला.

कितीही झटकली तरी गिरणीत आधीच्या दळणाचं ओंजळभर पीठ राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. त्यावरून भांडणं रोजचीच. पण त्या दिवशी समोरच्या काकूंनी आपला गव्हाचा डबा मागे ओढला.

"तिच्यावर माझं टाकू नको."

"ज्वारीवर गहू चालत न्हाई का, काकू?"

"का म्हणते ते कळतंय तुला."

"मग घरचं जातं काढा. तेवढाच दंडाला व्यायाम."

बायका हसल्या. पण काकू निघाल्या तेव्हा हसणाऱ्यांतल्या दोघीही डबे उचलून त्यांच्यामागे गेल्या.

सासरे म्हणाले, "गिऱ्हाईक तुटंल, बाई."

"मामा, रोज वाचता ते माझ्यासाठी का भिंतीसाठी?"

त्या संध्याकाळी वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते ग्रंथ घेऊन गिरणीतच, रांगेसमोर बसले आणि वाचू लागले. वस्तीतल्या दुसऱ्या घरचं दळण घेऊन आलेली म्हातारी ऐकत राहिली. म्हणाली, "आमच्या विहारात बी पावसाळाभर ग्रंथ वाचत्यात. तुमचं-आमचं लई जुळतंय की."

दुसरी गिरणी लांब, म्हणून काकू परत आल्या. तेव्हापासून म्हातारी स्वतःच आपला डबा भिंतीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या शेवटी ठेवू लागली. मी पुढे घ्यायचे, ती मागे न्यायची.

"राहू दे, लेकी. माझ्यापायी तुझी गिरणी बसली तर वस्तीनं कुठं जावं?"

एके दिवशी सगळ्यांचं दळून झालं, तिची पाळी आली आणि लाइट गेली. तिच्या गावाची शेवटची एसटी सुटायला आली होती. "सकाळी नेते," म्हणाली आणि रिकाम्या हातानं गेली. एसटी गेल्यावर लाइट आली. मी तिचं दळून डबा कोपऱ्यात ठेवला.

सकाळी पहिला नंबर काकूंचा. गहू टाकला, तेवढ्यात वस्तीतली एक बाई आली. म्हातारी रात्री झोपेतच गेली होती.

"डबा द्या. माणसं आल्यात, भाकरी लागतील."

मी डबा दिला. वळून पाहिलं तर काकूंच्या डब्यात आधी ज्वारीचं पांढरं पीठ पडत होतं. काकू बघत होत्या. त्यांनी डबा हलवला नाही. दळण झाल्यावर झाकण लावून गेल्या.

पुढे बहिष्कार उठला. वस्तीचे डबे आता त्यांच्याच गावात दळतात. आमची गिरणीही बसली नाही.

पण त्या कोपऱ्यात कोणी डबा ठेवत नाही. मी कोणाला मनाई केलेली नाही. रोज झाडते, जागा कोरडी आहे. परवा काकूंना उशीर झाला. रांग कोपऱ्यापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, "ठेवा की खाली."

"असू दे," म्हणाल्या, आणि पाळी येईपर्यंत भरलेला डबा कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या.