आक्कांच्या पायाच्या मापाची गाडी

माणसं गाडी घेतात आणि विसरून जातात. आमची पहिली गाडी केव्हाच भंगारात गेली, तिच्या जागी दुसरी आली, तरी पहिलीचे किस्से काही आटत नाहीत. हार गुंफायला चार बायका बसल्या की एकीला एक आठवतो, दुसरीला दुसरा, आणि प्रत्येकजणी आपल्या पदरचं थोडं घालते. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच लिहून टाकावं. शाळा मी पाहिली ती बाहेरून. वाचायला शिकले ते फुलं बांधायच्या रद्दीवर. तेव्हा माझ्या चुका काढत बसू नका, गाडीत बसा!

आमचा मळा पंचवटीच्या पलीकडं. झेंडू आणि शेवंती. घरातले कर्ते म्हणजे माझे थोरले दीर, आबा. त्यांची बायको आक्का, म्हणजे माझी जाऊ. त्यांना मूलबाळ नाही. माझा नवरा लवकर गेला. मी, माझा मुलगा विलास आणि ते दोघं, चौघांची एकच चूल.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आक्का विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. पायात सळई बसली, जीव वाचला, पण उजवा गुडघा जो ताठ झाला तो झालाच. रिक्षात पाय मावेना, एस.टी.ची पायरी चढवेना. सगळ्या गल्लीची उणीदुणी काढणारी बाई घराच्या ओट्यावर येऊन थांबली. गाडीचा विषय निघाला तो असा. हौसेनं नाही.

*

पण त्याआधी टेंपो झाला.

देवळाली कॅम्पला नात्यातलं लग्न होतं. आक्का म्हणाल्या, "मी येणार. उचलून न्या, नाहीतर फरफटत न्या." मग आमच्या फुलांच्या टेंपोत मागं खुर्ची बांधली, खुर्चीत आक्का, पाय समोर पालथ्या क्रेटवर. दोन्ही बाजूंना झेंडूच्या जाळ्या, कारण मांडवाची फुलंही आमचीच होती.

गावात शिरलो आणि बघतो तर काय, माणसं हात जोडायला लागली! हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, भोवती झेंडू. लोकांना वाटलं, देवीची मिरवणूक! एक बाई तर धावत आली आणि आक्कांच्या पायावर डोकं ठेवून "आई, यंदा पोराचं जमव गं" म्हणाली. मी खाली मान घातली. रामदास, आमचा ड्रायव्हर, टेंपो पळवायला लागला.

आक्का मागून ओरडल्या, "हळू चालव मेल्या! तिला आशीर्वाद तर देऊ दे!"

रस्ताभर हसल्या. मांडवाच्या दारात मात्र चार हमालांनी त्यांना खुर्चीसकट उतरवलं आणि वरातीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला. जेवल्या नाहीत.

त्या दिवशी घरी येऊन आबा म्हणाले, "गाडी घ्यायची."

*

आता आबांनी "घ्यायची" म्हटलं म्हणजे झालं असं नाही. आबा बैल घ्यायचा तरी आधी दहा जणांना विचारणार. गाडीसाठी ते पहिल्यांदा गेले पंचवटीतल्या एका गुरुजींकडं. मलाही नेलं.

गुरुजींनी पत्रिका मांडली, डोळे मिटले, बोटं मोजली. "लाल वर्ज्य. पांढरी तर घरात आणूच नका, अपघात संभवतो. तुमच्या राशीला फक्त निळी."

आबांनी हात जोडले. "नवी का जुनी?"

गुरुजी पुन्हा डोळे मिटून बसले. "वापरलेली. एकाच मालकाची. लाभेल."

मला इतकं नेमकं शास्त्र माहीत नव्हतं! पाणी मागायचं निमित्त करून मी मागच्या अंगणात गेले. तिथं आंब्याखाली ताडपत्री घातलेली एक गाडी उभी. ताडपत्रीचं टोक उचललं. निळी!

परत येऊन मी म्हटलं, "गुरुजी, ग्रह फार दूर नाहीत हो तुमचे. परसातच आहेत."

*

मग शोरूम. आक्कांना दर वेळी नेणं शक्य नव्हतं. म्हणून मी एक बांबू घेतला, आक्कांना खाटेवर बसवलं, कमरेपासून टाचेपर्यंत पाय मोजला आणि तेवढा बांबू कापला. गाडी कुठलीही असो, पुढच्या सीटवर बांबू पायासारखा पुढं लांबवायचा, दार लावायचं. लागलं तर गाडी आमची, नाहीतर रामराम.

विलास म्हणाला, "काकीच्या पायासाठी बांबू घेऊन शोरूममध्ये? आई, लोक हसतील!"

"हसू दे. हसणाऱ्यांचे गुडघे वाकतात."

शोरूममध्ये गार हवा आणि गळ्यात टाय बांधलेला सेल्समन. तो म्हणाला, "वेलकम मॅडम! आणि हे काय आणलंय?"

"आक्कांचा पाय," मी म्हटलं.

पोरगं दोन पावलं मागं सरकलं!

त्यानं आम्हाला ॲव्हरेज सांगितलं, पिकअप सांगितला, टेपरेकॉर्डर वाजवून दाखवला. मी बांबू घालत राहिले. पहिल्या गाडीत दार लागेना. दुसरीत लागलं, पण बांबू गिअरला अडला. तो म्हणाला, "काकू, मागच्या सीटवर आडवं बसता येईल ना त्यांना!"

मी म्हटलं, "त्या आमच्या घरातल्या थोरल्या आहेत. आडव्या एकदाच जातील, आणि ते गाडीतून नाही."

टेपरेकॉर्डर त्यानं स्वतःच बंद केला.

*

कुणीतरी सांगितलं, देवळालीला मिलिटरीतल्या साहेबांच्या बदल्या होतात, जाताना ते गाड्या विकतात आणि गाडी कशी, तर बुटासारखी चकचकीत. आम्ही गेलो. साहेब ड्यूटीवर होते, बाईसाहेब घरी. गाडी खरंच आरशासारखी. मी बांबू घातला, दार लावलं. टक्! बरोब्बर लागलं! मला तर रडूच आलं.

बाईसाहेबांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि चौकशी सुरू केली. "गाडी कहाँ खड़ी करोगे?"

आबा म्हणाले, "गोठ्याशेजारी शेड हाय ना."

"छाया है?"

"लय सावली हाय!"

"और कौन रहता है शेड में?"

आबांना खोटं बोलता येत नाही, हाच त्यांचा दोष. म्हणाले, "मुर्गी."

बाईसाहेबांचा कप बशीवर आपटला. "मुर्गी? मेरी गाडी के ऊपर मुर्गी बैठेगी?"

आबा म्हणाले, "फक्त रात्रीच्या, बाई."

संपलं! त्यांनी हात जोडले आणि आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं. मी दोन नणंदांची लग्नं जुळवलीत, विहिणींची बोलणी ऐकलीत, पण स्थळ म्हणून आम्हाला नाकारलं ते त्या गाडीनं! परतीच्या एस.टी.त आबा बोटांवर काहीतरी मोजत होते. उतरताना म्हणाले, "कोंबड्या विकू का?"

*

पण एक झालं, कुठली गाडी ते ठरलं. तीच, पण नवी. आता प्रश्न, घ्यायची कुठून? विलास म्हणाला मुंबईहून, तिथं रंग जास्त मिळतात. आबांचे दोस्त म्हणाले पुण्याहून, तिथले लोक खरं सांगतात. यावर आमच्या ओट्यावर असा हशा झाला की गाय बुजली.

मी म्हटलं, "जिथं चालत जाऊन भांडता येतं, तिथूनच वस्तू घ्यावी."

नाशकातच बुक केली.

*

आणि इथं आमच्या घराण्याला शोभेल अशी चूक झाली. आबांनी डिलिव्हरीचा मुहूर्त काढला दसऱ्याचा!

आता बाकीच्या जगाला दसरा म्हणजे सण. झेंडूवाल्याला दसरा म्हणजे लढाई. नाशकातल्या प्रत्येक गाडीला, रिक्षाला, सायकलीला आमचा झेंडू. आदल्या दिवसापासून कुणी पाठ टेकलेली नव्हती. रामदास टेंपो भरून दादरच्या बाजारात गेलेला. मी आणि विलास रस्त्याकडेला हार विकत बसलेलो. दुपारी मुहूर्त गाठायला धावलो, शोरूममध्ये पोचलो आणि बघतो तर काय, तिथल्या सगळ्या गाड्यांना आमच्याच मळ्यातले हार! सकाळी शोरूमवाल्यांनीच घाऊक नेले होते. आमची गाडी तेवढी बोडकी.

"आबा, आपला हार?"

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "इकला की. गिऱ्हाईक चांगलं व्हतं."

मी बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या पोरीकडून माझाच झेंडू तिप्पट भावानं विकत घेतला. घासाघीस करायला गेले तर ती म्हणाली, "मावशी, परवडत नाय. मळेवाले लय महाग देतात!" मी पैसे मोजून दिले.

हार घातला, नारळ फुटला, शोरूमवाल्यानं आबांच्या हातात किल्ली ठेवली. आबा पुढं बसले, मी आणि विलास मागं. फोटो निघाला. सगळे हात हलवायला लागले. आणि गाडी जागची हलेना.

सेल्समन वाकून म्हणाला, "सर, चालवणार कोण?"

इतकी वर्षं रंग, राशी, सावली, गिअर, सगळ्यांवर आमच्या घरात भांडणं झाली. गाडी चालवायला येणारा माणूस घरात नाही, हे कुणाच्या म्हणजे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं! विलासला स्कूटर येत होती, रामदास दादरला. स्टिअरिंगपुढची सीट रिकामी आणि आम्ही तिघं फोटोला हसतोय!

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "सरका, सरका! मी हाय ना!"

आक्कांचा धाकटा भाऊ, तात्या. सकाळीच निफाडकडून एस.टी.नं आला होता, घरी कळलं म्हणून शोरूमवर आला. पूर्वी द्राक्षांचा ट्रक चालवायचा. त्यानं आम्हाला झोकात घरी आणलं. आबा त्याला देव म्हणाले.

*

तात्या उगाच आला नव्हता. आक्कांचे वडील वारले होते आणि द्राक्षांच्या बागेत कायद्यानं आक्कांचाही हिस्सा होता. आमच्याकडं रीत अशी, की बहिणीनं रजिस्टर ऑफिसात जाऊन आपला हक्क भावाला सोडून द्यायचा, भावानं साडी नेसवायची, माहेर शाबूत. कुणी वेगळं केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. मीही सोडून आले आहे. आक्कांना तिथवर नेता येत नव्हतं म्हणून काम अडलं होतं. पायाला सळई बसली तेव्हा तात्याला बघायला यायला सवड झाली नव्हती. गाडी येणार असल्याचा निरोप मात्र त्याला लगेच पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का तात्यानं आणलेली नवी साडी नेसून गाडीत बसल्या. पाय सरळ, दार टक् करून लागलं. त्या टेंपोनंतर दोन वर्षांनी घराबाहेर! आबांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. तात्या गाडी चालवायला, आबा आणि मी मागं, माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. आक्का काचेतून सगळं बघत होत्या. वाटेत एकदाच बोलल्या. "बाग कशी आहे रे?"

"लय छान हाय आक्का. तुझा आशीर्वाद."

ऑफिसात कागद तयार. तात्यानं खुर्ची पुसून आक्कांना बसवलं, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. साहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "आजी, राजीखुशीनं सोडताय ना हिस्सा?"

"नाही," आक्का म्हणाल्या.

साहेबांना वाटलं, म्हातारीला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"कळलं मला. सोडत नाही. माझा हिस्सा मला हवा. घरून निरोप धाडला असता तर म्हणाला असता, म्हातारी पायामुळं आली नाही. म्हणून आले." आणि त्यांनी पेनाला टोपण लावून ते तात्याच्या खिशात नीट ठेवलं.

आबांचं तोंड उघडं ते उघडंच. माझ्या हातातला पुडा खाली पडला, पेढे टेबलाखाली गेले, आणि साहेबांचा शिपाईही ते उचलायला वाकला नाही. आक्कांनी हे मला सांगितलं नव्हतं. मला! एका चुलीवर राहून!

तात्या पांढराफटक. "आक्का, साडी नेसवली गं तुला!"

"पोत चांगला आहे. भाऊबीजेला हीच नेसून ओवाळीन."

तात्यानं गाडीची किल्ली टेबलावर आपटली आणि तरातरा बाहेर निघाला. रस्ता ओलांडून एस.टी. स्टँडच्या दिशेला लागला. आम्ही आक्कांना धरून पायरीपर्यंत आणलं. त्यांनी काठी टेकली, गाडीकडं पाहिलं, रिकाम्या सीटकडं पाहिलं आणि सगळी कचेरी ऐकेल अशी हाक मारली.

"तात्या! एस.टी.नं कुठं निघालास? आम्हाला घरी कोण सोडणार?"

तो थांबला. वळला. आणि आला!