ब्राह्मीच्या प्रयोगातला पहिला नंबर

निवृत्त झालो त्याच वर्षी मी बायकोला यशवंतपूरच्या भाजीबाजारात विसरून आलो. गेलो होतो दोघं मिळून. ती लिंबं निवडत होती, समोर आमची बस लागली, मी चढलो. घरी येऊन पंखा लावून बसलो. बराच वेळ कुणी चहाचं विचारेना, तेव्हा लक्षात आलं. ती रिक्षाने आली. पिशवी ओट्यावर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मी लिंबं आणलीत. तुम्ही काय आणलंत?"

संध्याकाळी एचएसआर लेआउटमधल्या मुलीला फोन गेला. तिने कुठून तरी शोधून काढलं, की शहरातल्या एका संशोधन संस्थेला साठीपुढची विसरभोळी माणसं हवी आहेत. ब्राह्मीने स्मरणशक्ती खरंच सुधारते का, हे त्यांना तपासायचं होतं. "बाबा, तुम्ही अगदी त्यांना हवे तसे आहात," मुलगी म्हणाली. जन्मभर एका कारखान्यात हिशेब लिहिले, पण कुणाला अगदी हवा तसा मी पहिल्यांदाच ठरत होतो. लगेच हो म्हटलं.

संस्थेत आमची गाठ एका तरुण संशोधक मुलीशी पडली. बेळगावकडची, म्हणजे आमच्याच भागातली. तिने शांतपणे समजावलं, "काका, निम्म्या लोकांना खऱ्या ब्राह्मीच्या कॅप्सूल मिळणार. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या. कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही."

मला वाटलं, मुलगी नवीन आहे, वरचे तिला सांगत नसतील.

"बाहेरची ब्राह्मी खायची नाही. चूर्ण, चटणी, काही नाही. बाकी एरवी राहता तसेच राहा."

मी मान हलवली. माझी मान त्या कामात फार तयार आहे. साहेबांसमोर हलवून हलवून तिला वळणच पडलंय.

मग पहिली परीक्षा झाली; पुढे ती दर महिन्याला व्हायची होती. ती इथल्या भाषेत, कन्नडमध्ये, शब्द वाचणार, मी आठवतील तेवढे परत सांगायचे. मला पाचसहा आठवले, त्यातला एक तिने उच्चारलाच नव्हता. त्याचंही मला फारसं वाटलं नसतं. पण बाहेर कॉफी घेताना शेजारी इथल्याच शिवाजीनगरच्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी विचारलं, "किती आले, अण्णा?"

"आले की बरेच," मी म्हणालो.

"माझे तीनच राहिले. स्वल्प घाई झाली, नाहीतर तेही आले असते."

त्या 'स्वल्प'ने माझी झोप उडवली. शाळेत माझा नंबर कधी दहाच्या आत आला नव्हता. आता या वयात पुन्हा मागच्या बाकावर बसायची माझी तयारी नव्हती.

मी अभ्यासाला लागलो. राहिलेले शब्द इतर मंडळींकडून गप्पांच्या ओघात काढून घेतले. शब्दांच्या दोन याद्या आलटून पालटून येतात, हे ध्यानात आल्यावर दुसरीही मिळवली. त्यांची गोष्ट रचली. शिंप्याने कुलूप लावलं, नदीवर गेला, चिंचेखाली त्याला आरसा सापडला. सकाळी बागेत फेऱ्या मारताना मी ती पुटपुटत असे. समोरून येणारे लोक बाजूला होऊन वाट देत. मला वाटे, वयाचा मान ठेवतात.

घरी बायको मटार सोलता सोलता माझी परीक्षा घेई. ब्राह्मीचं नाव ऐकल्यापासून तिनेही कंबर कसली होती. इथे ब्राह्मी म्हणून ओंदेलगाच्या पानांच्या जुड्या विकतात. त्या आणून, खोबऱ्याबरोबर वाटून, ताकात कालवून ती रोज तंबळी करी. गरम भातावर फार छान लागे. माझ्या मनात एकदा शंका आली. पण त्या मुलीने चटणी नको म्हटलं होतं, आणि ही तर तंबळी होती.

शेवटच्या परीक्षेत मी सगळे शब्द ओळीने, न अडखळता सांगितले. मुलगी कागदाकडे बघत राहिली. "काका, इतकी सुधारणा मी अजून कुणात बघितली नाही."

"अक्कांमध्येपण नाही?"

"दुसऱ्यांचं मला सांगता येत नाही," ती हसून म्हणाली. मी समजायचं ते समजलो.

"मेहनत घेतली मी," माझी छाती फुगली. मग पाठांतर, गोष्ट, बागेतल्या फेऱ्या, सगळं सांगून टाकलं. बायकोलाही श्रेय मिळावं म्हणून तंबळीचंही सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. "काका, बाहेरचं काही खाता का, म्हणून मी दर वेळी विचारत होते. तुम्ही नाही म्हणायचा."

"विसरलो," मी म्हणालो.

"तुमचे आकडे आता वगळावे लागतील."

"पण सगळे बरोबर होते!"

तिने माझा कागद वेगळा काढून ठेवला. मग म्हणाली, "माझी आजी मला आता ओळखत नाही, काका. ब्राह्मीने काही होत असेल तर मला ते हवंय. नसेल होत, तर तेही कळायला हवंय."

माझी फुगलेली छाती कुठे गेली कळलं नाही. घरी येईपर्यंत मी एकदाही शब्द पुटपुटले नाहीत.

काही महिन्यांनी तिचाच फोन आला. अभ्यास संपला होता. खऱ्या ब्राह्मीवाल्यांत थोडा फरक दिसला, पण छातीठोक सांगावं इतका नाही, आणखी मोठा अभ्यास करावा लागेल. माझ्या कॅप्सूलमध्ये मात्र औषध नव्हतंच.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जे झालं ते माझ्या तंबळीने."

"किंवा पाठांतराने."

"ते कोण घेत होतं?"

पुढच्या अभ्यासाला नवी मंडळी आली, तेव्हा त्या मुलीने मला बोलावलं. काय करू नये, ते मी सांगायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लोक पोट धरून हसले आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही अभिमान वाटला. शब्द आता सगळे बदललेत, माझ्यामुळेच, हेही मी ठासून सांगितलं.

निघताना काठी टेकत आलेल्या एका गृहस्थांनी मला कोपऱ्यात ओढलं. "सरी, समजलं, अण्णा," ते हळूच म्हणाले, "मग नवे शब्द कुठले आहेत?"

शपथेवर सांगतो, मला ते माहीत नव्हते. माहीत असते तर मी काय केलं असतं, हे मात्र कुणी विचारू नये.