बेटावरचं राज्य

माझ्या नातीने स्वतंत्र देश जाहीर केला, तेव्हा मी त्या देशात कपडे वाळत घालत होते.

माउंट रॉस्किलला मुलाच्या भाड्याच्या घरामागे हिरवळ आहे आणि मधोमध सिमेंटचा छोटा ओटा. त्यावर लोखंडी खांब, खांबाला उघड्या छत्रीसारख्या तारा. वारा सुटला की टॉवेल, गाऊन सगळं गरगर फिरतं. ऑकलंडचा पाऊस मनात येईल तेव्हा येतो आणि जरा जोर धरला की हिरवळीवर पाणी साचून ओटा तेवढा वर राहतो. नातीने एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, गमबूट चढवले आणि ओट्यावर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, धिस इज माय आयलंड. यू नीड अ व्हिसा."

व्हिसाचं कौतुक मला काय सांगतेस, असं मी म्हणणार होते. तिच्या बापाच्या घरीही मी व्हिसावरच राहत होते. पण हातात ओली चादर होती, म्हणून मुकाट्याने परवानगी मागितली. तिने दिली.

देश म्हटला की झेंडा आला आणि झेंडा म्हटला की शिवायला आजी आली. पहिला झेंडा सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणलेल्या तांदळाच्या पिशवीचा होता. मी तो उलटा शिवल्यामुळे अक्षरं आत गेली, तरी उन्हात 'बासमती' दिसायचंच.

नातीला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत. याचा मला राग यायचा आणि तो मी लपवतही नसे. "मी मराठीत विचारलंय," असं म्हटलं की ती "सॉरी, आजी" म्हणायची, आणि पुन्हा गाडी इंग्रजीतच.

दोघींच्या देशात करमणूक अशी काही नव्हती, म्हणून मी तिला शिवाशिवी शिकवली. जिच्यावर राज्य, तिने पळून दुसरीला शिवायचं. शिवलं की राज्य तिच्यावर. शिवाय राज्य अंगावर असताना खेळ सोडून घरी जायचं नाही, राज्य देऊन जायचं. आमच्या आळीत जो तसा पळून जाई, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे. हे मी चांगलं डोळे मोठे करून सांगितलं.

रात्री जेवताना तिने बापाला विचारलं, "बाबा, व्हॉट इज राज्य?"

"किंगडम," मुलगा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी ही पळेचना. मी जवळ गेले तर दंड पुढे करून उभी. मी शिवले मात्र, हिने मान ताठ केली. "नाऊ आय अॅम द क्वीन. न्यू फ्लॅग, प्लीज."

मी तिला परोपरीने समजावलं. अगं, राज्य येणं म्हणजे शिक्षा. बाकीच्यांनी मजा करायची आणि आपण एकटीने त्यांच्यामागे धावायचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "देन व्हाय इज इट कॉल्ड राज्य?"

अख्खं बालपण हा खेळ खेळण्यात गेलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यामुळे तिचाच अर्थ कायम झाला. ज्याच्यावर राज्य, त्याचा देश आणि त्याचा झेंडा. न्यूझीलंडवाल्यांनी मध्यंतरी झेंडा बदलायचा का म्हणून मतदान घेतलं आणि जुनाच ठेवला म्हणे. आमच्या बेटाला इतका धीर नव्हता. जुन्या अभ्र्यावर तिने काढलेला निळा पुकेको पक्षी आला, गेला. माझ्या फाटक्या परकराचा झेंडा आला. तिच्या तुटलेल्या जॅन्डलचा, म्हणजे आपल्या स्लिपरचा, पट्टा टाचलेला एक झेंडा तर चामड्याची सुई आणून मी शिवला. तोंडाने कटकट करत होते, पण मला इतकं बरं पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

मग व्हिसा संपत आला. मुलाचं म्हणणं, "आई, तू आता इथेच राहा, आपण अर्ज करू." मी नाही म्हटलं. पुण्यातलं घर लहान असलं तरी माझं आहे, तिथे गॅस कधी लावायचा ते मी ठरवते. हे सगळं नातीच्या देखत झालं. ती भाताशी खेळत होती.

सकाळी खांबावर झेंडा नव्हता.

"काय गं, देश कुठे गेला?"

"क्लोज्ड," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलेना. मला फार लागलं. मुलाशी वाद झाला असता तर मी निभावून नेलं असतं, पण या पोरीचा अबोला घेऊन विमानात बसणं मला जमणार नव्हतं. नव्या ब्लाउजसाठी जपून ठेवलेला हिरवा खण मी काढला, त्याला काठ घालून झेंडा शिवला आणि चिमटे लावून तारेवर टांगला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या आणि माझा टॉवेल तारेवर राहिल्याचं आठवलं. हिरवळीवर पाणी होतं. मी साडी वर खोचून ओट्यावर गेले, टॉवेल काढला, तेवढ्यात मागून कोपराला हात लागला.

"आजी, तुझ्यावर राज्य."

स्वच्छ मराठीत. मी वळून हात पुढे केला, तर ती उडी मारून पाण्यात.

"अगं, गाडी थांबलीय. मला जायचंय."

"राज्य देऊन जायचं," ती म्हणाली. "यू सेड."

मी दोन पावलं पाण्यात गेले, ती तेवढीच मागे सरकली. हसत नव्हती. म्हणजे खरा अर्थ तिला मी समजावला तेव्हाच कळला होता. मुलगा हॉर्न वाजवत होता. ती विमानतळावर आली नाही. सुनेजवळ हिरवळीवरच उभी राहिली, माझ्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर.

आता मी पुण्यात आहे. मुलगा फोटो पाठवतो. खण उन्हाने विटलाय, एका बाजूने उसवलाय, तरी तारेवर तोच आहे. दुसरा लावू म्हटलं तर नात ऐकत नाही. "राज्य आजीवर आहे," म्हणते. भोवती कपडे वाळतात, मधे माझा झेंडा.

नव्या व्हिसाचं मुलाला सांगितलंय. इतक्यात परत कशाला, असं शेजारीण विचारते. मी म्हणते, राज्य देऊन लगेच येते. पण माझे गुडघे हे असे, आणि पोरगी भारी चपळ आहे.