किन्हवली रस्त्यावरचा हिरवा पडदा

हे लिहिणं मला भाग पडलं, कारण आमच्या यजमानांनी मागच्या आठवड्यात याच ब्लॉगवर 'काशिनाथचा बार पुन्हा सुरू' अशी आनंदवार्ता दिली आणि खाली पाच जणांनी रस्ता विचारला. रस्ता सांगते. तिथे दारू मिळत नाही, हेही सांगते.

ठाण्याहून सकाळी सातला आमच्या मारुतीने निघालो. नाशिक हायवेने शहापूर, तिथून उजवीकडे किन्हवली. पेट्रोल शहापुरातच भरा. पुढे सरळगावच्या दिशेने रस्ता कमी आणि रस्त्याच्या आठवणी जास्त. यजमान वाटभर 'तिथलं वातावरणच वेगळं' म्हणत होते. नव्वदच्या दशकात माळशेजच्या प्रत्येक सहलीत त्यांनी ते वातावरण आत बसून घेतलं. मी बाहेर गाडीत बसून वालाची शेतं पाठ केली.

परमिट रूम काशिनाथच्या वडिलांनी काढली. दाराला जाड हिरवा पडदा, म्हणजे गावचे पुढारी आणि एकमेकांचे व्याही आत बसले तरी रस्त्यावरून दिसू नयेत. पडदा शिवला काशिनाथच्या बायकोने, सुनंदाने. पुढे गावातल्या बायकांनी मतदान मागितलं: बाटली उभी की आडवी? आडवी झाली. सुनंदानेही आडवीवरच शिक्का मारला होता. काशिनाथला ते माहीत आहे, पण तो विषय काढत नाही. इतका समजूतदार नवरा मिळायला आधी बाटली आडवी व्हावी लागते.

गेले सहा महिने सुनंदा तिथे खानावळ चालवते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तीस रुपये. बिरडं उत्तम, ठाण्यात याच्या दुप्पट पैशांत निम्मं मिळतं. पण आत आम्ही दोघंच. ट्रकवाले पडदा सारून आत येतात, 'काय मिळेल' विचारतात आणि खरं उत्तर ऐकून निघून जातात. गावच्या बायका खिडकीतून भाकऱ्या घेतात, आत पाऊल टाकत नाहीत.

त्या दिवशी सुनंदाने बचत गटाच्या चौदा जणींना जेवायला बोलावलं होतं. त्या आल्या आणि समोरच्या चिंचेखाली बसल्या.

"आज बाया आत आल्या नाय, त संक्रांतीनंतर मी खर्डीला भावाकडं जाते, ताई," सुनंदा मला म्हणाली. "तिथं कॅन्टीनात काम हाय."

मी चिंचेखाली जाऊन चौकशी केली. बारकूबाई त्यांच्यात वडील. त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"त्याच्याआड माझा नवरा तेरा वरसं होता गो. मी कशाला जाऊ?"

सुनंदाने पडदा काढायचं दहा वेळा सांगितलं होतं. काशिनाथ गल्ल्यावर बसून रिकामा ग्लास पुसत होता.

"बापाची पाटी गेली, धंदा गेला, वयनी. पडदा तरी ऱ्हाऊ दे."

अशा माणसाला उपदेश केला की तो आणखी घट्ट बसतो. लग्नाच्या अनुभवावरून सांगते. मी म्हटलं, आमच्या गाडीत मागच्या काचेतून फार ऊन येतं, जाड कापड हवं आहे, हा पडदा द्याल का? यजमान म्हणाले, "अगं, पण आपल्या काचेला..." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आणखी बिरडं मागितलं.

काशिनाथने हातातला ग्लास गल्ल्यावर ठेवला. ऊन कुठे येतं ते त्यालाही कळलं असावं.

"धुऊन देऊ?" त्याने विचारलं.

"नको."

स्टुलावर तो स्वतः चढला. पडदा उतरला तशी बारकूबाई उठून दारात आल्या, कमरेवर हात ठेवून चार टेबलं, एक पंखा आणि गल्ला असं सगळं बघून घेतलं.

"एवढंसंच होतं व्हय?"

आणि पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसल्या. मागून तेरा जणी. काशिनाथने पाणी आणलं, त्याच ग्लासांतून. सुनंदा तव्यापासून हलली नाही. भाकरी मात्र एक करपवली.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, आता तिथे ते वातावरण राहिलं नाही. बरोबर आहे. ते सध्या आमच्या गॅलरीत वाळत आहे, आणि तीन वेळा धुऊनही वास जात नाही.

नोंद: हिरवा पडदा एक, पितळी कड्या अकरा. देणार काशिनाथ, स्वतःच्या हाताने. घेणार मी. साक्षीदार यजमान, शुद्धीत. बारावी कडी काशिनाथने खिशात टाकली; ती मी मागितली नाही.